विलीज जीपच्या ब्रीदर पाईपचं काम नाशकात कुठे करावं : सातपूरच्या गॅरेजचा अनुभव

जुनी पेट्रोल जीप असेल, इंजिन चारी बाजूंनी ऑइल गाळत असेल आणि जो तो मिस्त्री "इंजिन खोलावं लागेल" एवढंच सांगत असेल, तर खोलायच्या आधी एकदा सातपूरच्या या काकांना गाडी दाखवा. त्र्यंबक रोडला आयटीआय सिग्नलवरून सातपूर एमआयडीसीत आत शिरायचं, लेथवाल्यांच्या शेडची रांग सुरू झाली की कोणालाही विचारा "जीपवाले काका कुठे", लगेच हात दाखवतात, गॅरेजला बोर्ड नाहीये. बाहेर एखादी उघडी चेसिस आणि बॉनेट काढलेली जीप उभी असतेच. मी तिथे आमच्या विलीजचं क्रँककेस व्हेंटिलेशनचं, म्हणजे इंजिनच्या खालच्या चेंबरमधला (क्रँककेसमधला) गॅस बाहेर काढायच्या व्यवस्थेचं, सगळे ज्याला ब्रीदर पाईप म्हणतात त्याचं पूर्ण काम करून घेतलं. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि थंडी गेली, मग लिहितोय, कारण असल्या कामाचा रिव्ह्यू गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो.

गाडी लष्कराच्या डिस्पोजलमधली, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीतली, विलीज एमबी, दुसऱ्या महायुद्धातली, लेफ्ट हँड, सहा व्होल्टची. आजोबांनी देवळाली कॅम्पकडून घेतली आणि नंतर वर्षानुवर्षं ती पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेत राबली, ट्रेलर ओढणं, औषधाचे ड्रम नेणं, क्रेट वाहणं सगळं केलंय तिने. इंजिन मूळचंच, गो डेव्हिल, चार सिलिंडर, साइड वाल्व्ह, 134 क्युबिक इंच म्हणजे 2199 सीसी, 60 हॉर्सपॉवर. बार्नी रूस या इंजिनिअरने विलीजचं आधीचं कमी ताकदीचं इंजिन सुधारत सुधारत इथपर्यंत आणलं होतं आणि तेच इंजिन लढाईत सहा लाखांवर जीपगाड्यांत गेलं, विलीजच्याही आणि फोर्डने बनवलेल्याही. एवढं सांगायचं कारण म्हणजे या इंजिनात ब्रीदरची व्यवस्था कंपनीनेच फार विचार करून दिलेली आहे आणि आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्यांत ती कोणीतरी कधीतरी काढून फेकलेली असते. आमच्याही गाडीत तेच झालं होतं.

त्रास काय होता ते सांगतो. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लच ज्यात असतो त्या कव्हरच्या खालच्या भोकातून ऑइलचे थेंब पडायचे, रात्रभर गाडी उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग, क्लच प्लेटपर्यंत ऑइल जाऊन क्लच सरकायला लागला होता, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या बाजूला वाल्व्ह स्प्रिंगांवर असतं ते झाकण) पॅकिंगमधून ऑइल, टायमिंग कव्हरमधून ऑइल, आणि थंडीत फिलरचं झाकण उघडलं की आत पिवळट साय धरलेली. आडगाव नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याने तर बघितल्या बघितल्या सांगितलं पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, बोर करा, आणि जो आकडा सांगितला त्यात एक बऱ्यापैकी सेकंडहँड बाईक आली असती. तो आकडा ऐकून घरी सगळे म्हणाले विकून टाक, आणि मला ते अजिबात मान्य नव्हतं.

सातपूरच्या काकांनी आधी बॉनेट उघडलं आणि हात न लावता बराच वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाले, "भाऊ, याचा वाल्व्ह कुठाय?" इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीवर, जिथे ब्रीदरचा वाल्व्ह असायला पाहिजे तिथे कोणीतरी बोल्ट ठोकून भोक बंद केलेलं. टॅपेट कव्हरच्या एल्बोला रबरी पाईप लावून तो खाली चेसिसजवळ मोकळा सोडलेला, आणि एअर क्लीनरच्या पाईपकडून ऑइल फिलरच्या नळीला जी स्वच्छ हवा यायला हवी तिथे रबराचं बूच. म्हणजे आत हवा जायची वाट पूर्ण बंद आणि बाहेर पडायला एक लोंबता पाईप, तोही मध्ये खाली झोका घेऊन परत वर गेलेला, त्या झोक्यात पाणी आणि ऑइल साचून जवळजवळ बंद झालेला. काकांनी पाईप काढून कपावर उलटा धरला तर दुधाळ पाणी बाहेर आलं. तिथेच मला अर्धं उत्तर कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण हे समजून घेतलं की मिस्त्रीशी बोलायला सोपं जातं. इंजिन कितीही चांगलं असलं तरी रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये जातोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, काजळी असते, आणि पाण्याची वाफ तर भरपूर असते, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, बहुतेक सायलेन्सरमधून जातं पण थोडं खालीही उतरतं. हे सगळं बाहेर काढलं नाही तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ऑइलमध्ये पाणी आणि ॲसिड मिसळून ऑइल खराब होतं, बेअरिंगांना गंज लागतो, आणि निफाड-पिंपळगाव पट्ट्यात थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा इंजिन पुरतं गरम व्हायच्या आधीच आपण बागेत चक्कर मारून गाडी बंद करतो, म्हणून ती साय धरते. दुसरं म्हणजे आत प्रेशर साठतं आणि ते जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतं, या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगला दोरीचं पॅकिंग असतं, ते थोडंफार झिरपतंच, त्यावर आतून प्रेशर आलं की संपलंच. म्हणून ऑइल गळतंय म्हणजे सील गेली असं लगेच समजू नका.

विलीजने जी व्यवस्था दिली होती ती अशी. एअर क्लीनरमधून गाळलेली हवा एका नळीने ऑइल फिलरच्या पाईपमध्ये जाते, तिथून चेंबरमध्ये, मग वर वाल्व्ह स्प्रिंगांच्या खणात, तिथे टॅपेट कव्हरच्या आत ऑइल अडवायला एक पत्र्याचा आडोसा असतो, आणि तिथून नळीने मॅनिफोल्डवरच्या वाल्व्हमधून इंजिनच ते ओढून घेतं आणि जाळून टाकतं. वाल्व्ह यासाठी की स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम खूप असतो, तेव्हा तो आतला प्लंजर ओढून वाट बारीक करतो, नाहीतर स्लोचं मिक्श्चरच बिघडेल. रेस दिली, लोड आला की व्हॅक्यूम कमी होतो, स्प्रिंग वाट मोठी करते, आणि नेमका तेव्हाच खाली गॅस जास्त उतरत असतो. गाडी बॅकफायर झाली तर हाच वाल्व्ह बंद होऊन चेंबरमध्ये ज्वाळा जाऊ देत नाही. फुल रेसवर गॅस वाल्व्हच्या आवाक्याबाहेर गेला तर उरलेला उलट्या दिशेने एअर क्लीनरकडे जातो आणि तिथूनही इंजिनातच येतो. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलांपासून नव्या गाड्यांत ही सिस्टीम यायला लागली, आणि आपल्या या जीपमध्ये ती त्याच्या वीस वर्षं आधी होती, नदी-ओढ्यातून जाणाऱ्या लष्करी गाडीला मोकळा पाईप परवडत नव्हता.

लोक म्हणतात की पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना पाईप खालीच सोडलेला असायचा, मग काय बिघडलं. बरोबर आहे, पण तो पाईप तिरका कापून गाडीखालच्या वाऱ्यात धरलेला असायचा आणि गाडी पळाली की वाऱ्यानेच ओढ लागायची. आमची जीप द्राक्षाच्या ओळींमधून लो रेंजमध्ये चालते, तिथे कुठला वारा आणि कुठली ओढ, उलट गाडी बंद करून इंजिन थंड झालं की तोच पाईप बागेतली धूळ आणि दमट हवा आत ओढून घेणार. शेतात चालणाऱ्या गाडीला तर बंद सिस्टीमच पाहिजे, यावर माझं मत आता ठाम आहे.

आता काम. काकांनी आधी कॉम्प्रेशन बघितलं, चारही सिलिंडर शंभर पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या जवळ. मग व्हॅक्यूम गेज लावला, सुई सतरा इंचांवर स्थिर. मी म्हटलं पुस्तकात तर अठरा ते वीस लिहिलंय, तर म्हणाले नाशिक किती उंचावर आहे, साधारण सहाशे मीटर, म्हणजे दोन हजार फूट, दर हजार फुटाला इंचभर धरा कमी, म्हणजे हे इंजिन चांगलंच आहे. गेजचा आकडा गावाप्रमाणे वाचणारा मिस्त्री मला पहिल्यांदाच भेटला.

वाल्व्ह आमच्याकडे नव्हताच. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने मला आधी सुचवलं होतं की कुठल्याही छोट्या पेट्रोल गाडीचा पीसीव्ही वाल्व्ह (हाच ब्रीदरचा वाल्व्ह) टाकू, शंभर-दोनशे रुपयांत काम होईल. काका त्याला सरळ नाही म्हणाले, कारण आठशे-हजार सीसीच्या इंजिनाला मापलेला वाल्व्ह बावीसशे सीसीला पुरत नाही, दिसायला सगळं जोडलेलं दिसतं पण प्रेशर आत राहतंच. त्यांच्याकडे भंगारातून जपून ठेवलेला मूळचा पितळी वाल्व्ह निघाला, काळा कुळकुळीत. तो माझ्यासमोर खोलला, पेट्रोलमध्ये भिजवून ब्रशने घासला, प्लंजर बोटावर सरकवून बघितला, स्प्रिंग धुतली, परत जोडून कानाजवळ हलवला, आतून खुळखुळ असा स्वच्छ आवाज आला तेव्हाच बाजूला ठेवला. तोंडाने फुंकूनही दाखवला, एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने अडते.

टॅपेट कव्हर ते वाल्व्ह ही नळी त्यांनी रबराची करू दिली नाही. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाला एक लागून, तिथे रबर भाजून कडक होतं आणि तडकतं, शिवाय व्हॅक्यूममुळे गरम झालेला पातळ पाईप आतल्या आत चपटा होतो आणि बाहेरून बघितलं तर कळतही नाही. तांब्याची करूया म्हटलं तर म्हणाले व्हायब्रेशनने तांबं कडक होऊन मानेशी मोडतं. स्टीलची नळी घेतली, आत बारीक कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बुजवली आणि हळूहळू वाकवली, त्यामुळे वळणावर कुठेही चेमटली नाही. वाळू झटकून, हवा मारून, पेट्रोलने धुऊन मगच गाडीवर. आणि मुख्य म्हणजे उतार. नळी कव्हरपासून वाल्व्हपर्यंत सतत चढत गेली पाहिजे, मध्ये कुठेही झोळ नको, म्हणजे नळीत जे ऑइल किंवा पाणी थंड होऊन जमेल ते परत आपोआप मागे वाहून जातं. काकांनी त्यासाठी दोनदा नळी काढून परत वाकवली, मला तर पहिलीच चांगली वाटत होती.

एअर क्लीनरकडची बाजू रबराची ठेवावीच लागते कारण एअर क्लीनर बॉडीच्या पडद्यावर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर बसवलेला आणि इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, रेस दिली की इंजिन कलतं, तिथे ताणून लावलेला पाईप दोन महिन्यांत निसटतो. थोडा सैल ठेवला, एक्सिलरेटरच्या लिंकेजला लागणार नाही असा फिरवला, आणि पत्र्याच्या कडेपाशी वेगळी रबरी चकती घातली. पाईप कोणता घ्यायचा यावर त्यांनी मला दुकानात पाठवताना बजावून सांगितलं, नायट्राइल रबराचाच, ऑइलला चालणारा, जाड भिंतीचा. हीटर किंवा रेडिएटरचा पाईप बहुतेक ईपीडीएम असतो, पाण्याला उत्तम पण ऑइल लागलं की फुगतो आणि मऊ पडतो. आणि तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पाईप तर बघूच नका, महिन्याभरात पिवळा पडून काठीसारखा होतो. मी नाशकातल्याच द्वारका चौकाकडच्या दुकानांत फिरलो, दोन ठिकाणी मला हीटर होजच "सगळ्याला चालतो" म्हणून देत होते. पाईपवर छापलेलं वाचून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर घेऊ नका.

फिलरच्या झाकणाकडे माझं लक्षच गेलं नसतं. या गाडीत झाकणालाच डिपस्टिक जोडलेली असते आणि झाकणाखाली गॅस्केट असतं, ते आमच्यात नव्हतंच. झाकण हवाबंद बसलं नाही तर इंजिन एअर क्लीनरमधून हवा घ्यायच्या ऐवजी तिथूनच धूळ ओढतं, मग बाकी सगळी मेहनत वाया. काकांनी कॉर्कचं गॅस्केट कापून बसवलं. एअर क्लीनर ऑइल बाथचा आहे, त्यातला गाळ काढून ऑइल खुणेपर्यंत भरलं, जास्त नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तपासणी. एक पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात पाटीवर बांधलेली, त्यात निळी शाई टाकलेलं पाणी, आणि एक टोक रबरी बुचातून फिलरच्या तोंडात. काम सुरू करायच्या आधी त्यांनी ती लावून दाखवली होती, रेस दिली की पाणी दोन-तीन इंच बाहेर ढकललं जायचं. काम झाल्यावर तीच नळी परत लावली, स्लोवर पाणी उलट्या बाजूला इंचभर ओढलं गेलं आणि रेस दिली तरी बाहेर आलं नाही. मिस्त्रीने "झालं बघा" म्हणणं वेगळं आणि डोळ्यांना दिसणं वेगळं. मग वाल्व्हमधून आता जादा हवा येते म्हणून कार्टर कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू आणि स्लो परत सेट केला. ही पायरी बरेच जण सोडतात, गाडी स्लोवर हंटिंग करते, म्हणजे इंजिनचा वेग आपोआप वर-खाली होत राहतो, आणि मालक चिडून वाल्व्ह परत बंद करून टाकतो.

फरक किती पडला? टॅपेट कव्हर आणि टायमिंग कव्हर दोन्ही कोरडे, पॅकिंग एकही बदललं नाही तरी. बेल हाऊसिंगखाली अजून एखादा थेंब दिसतो, दोरीचं पॅकिंग जुनं आहे, पण तळहाताएवढा डाग आता रुपयाएवढा आलाय. क्लच एकदा धुऊन घेतल्यावर परत सरकला नाही. पावसाळ्यात त्र्यंबकला आणि पुढे जव्हार रस्त्याने घाट चढून आलो, केबिनमध्ये जो ऑइलचा जळका वास यायचा तो गेला, आईसुद्धा शेजारी बसून आली. थंडीत झाकणाखाली साय नाही, अगदी लांब पल्ला न मारता आठवडाभर बागेतच चालवली तेव्हा थोडा दमटपणा दिसला, तेवढाच. ऑइल पण आता काळं व्हायला जास्त वेळ घेतं.

आता जे आवडलं नाही ते. वेळ पाळत नाहीत, "गुरुवारी या" म्हणजे पुढचा सोमवार समजायचं. फोन उचलत नाहीत, हात तेलात असतात हे कळतं पण पिंपळगावहून यायचं असेल तर एक फोन उचलायला हवा. लेखी अंदाज देत नाहीत, बिल साध्या कागदावर, त्यामुळे ज्यांना हिशोबाला पक्कं बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं. बसायला जागा नाही, स्टूल आहे एक आणि त्यावर बहुतेक कार्बोरेटर ठेवलेला असतो. आणि रंग-पॉलिशची हौस असणाऱ्यांनी त्यांच्याकडून शो कंडिशनची अपेक्षा करू नये, नळी त्यांनी काळ्या रंगाचा एक हात मारून दिली, फॅक्टरी फिनिश वगैरे काही नाही. ज्यांना प्रदर्शनासाठी नट-बोल्टसुद्धा मूळचे हवेत त्यांना हे गॅरेज आवडणार नाही. ज्यांची जीप रोज चालते त्यांच्यासाठी याच्यापेक्षा चांगली जागा नाशकात मला तरी माहीत नाही.

पैसे सांगतो, मजुरी साडेतीन हजार घेतली, वाल्व्हचे वेगळे, पाईप आणि क्लिपा मी आणल्या. जो इंजिन बोर करायचा आकडा मला मिळाला होता त्याच्या दहाव्या हिश्श्यातही हे काम बसलं. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा स्टार वेळेसाठी कापला.

जाणार असाल तर सकाळी साडेदहाच्या पुढे जा, दुपारी दीड ते अडीच जेवायला बंद असतं. गाडी आदल्या दिवशी धुऊन इंजिनावरचा चिखल काढून न्या म्हणजे गळती नेमकी कुठून आहे ते दिसतं, आणि आधीच्या कोणी काढलेला वाल्व्ह, एल्बो, क्लिपा, जे काही डब्यात पडलं असेल ते सगळं बरोबर घ्या, काका त्यातलं मूळचं सामान ओळखून वापरतात. स्टेशनवॅगन किंवा सीजे थ्री बी असेल तर त्यात नंतरचं हरिकेन इंजिन असू शकतं, त्याची नळ्यांची मांडणी वेगळी आहे, तेव्हा कोणतं इंजिन आहे ते पोचल्यावर पहिल्यांदा सांगा.